गोष्टीच्या तासासाठी चारित्र्याचा दाखला

"पिशवी उलटी कर."

शाळेच्या गेटवरचा वॉचमन म्हणाला. मी पिशवीचं तोंड उघडून त्याच्यापुढे धरलं. म्हटलं, "बघा ना दादा." त्याला आत बघायचं नव्हतं. हात तर घालायचाच नव्हता. हातातल्या काठीचं टोक त्याने फरशीवर टेकवलं.

"इथं ओत सगला."

शनिवारची सकाळ. रोह्यातली इंग्रजी शाळा. मुलांना सोडायला आलेल्या आया गेटजवळ घोळका करून उभ्या. मी पिशवी ओतली. पाण्याची बाटली, कंगवा, कंपनीचं कार्ड, रुमाल. आणि चिंचोक्यांची पुरचुंडी. ती सुटली. चिंचोके फरशीभर पळाले.

वॉचमनने बुटाने एक चिंचोका सरकवला. "ह्ये काय? जादूटोना हाय काय?"

आया हसल्या. तोंडावर हात ठेवून हसल्या. सभ्य माणसं तशीच हसतात.

तेवढ्यात एक पांढरी गाडी आली. त्यातून एक बाई उतरल्या. खांद्याला एवढी मोठी पर्स, की माझी पिशवी तिच्यात दोनदा मावली असती. वॉचमनने काठी काखेत मारली, सलाम ठोकला, बाजूचं छोटं दार उघडलं. "या मॅडम." पर्सकडे त्याने बघितलंसुद्धा नाही. बाई माझ्या चिंचोक्यांना ओलांडून आत गेल्या. साडीचा काठ उचलून. चिखल ओलांडावा तसं.

मी खाली बसून चिंचोके गोळा करत होते. मान वर केली तर समोर दुसरीच्या वर्गाची खिडकी. गजांना नाकं लावून पोरं बघत होती. मधोमध माझी लेक. अंकिता. आज तिची आई वर्गात येऊन गोष्ट सांगणार, हे तिने आठवडाभर सगळ्यांना सांगितलं होतं. चिंचोके त्या गोष्टीतलेच. खेकडा पळतो तेव्हा ओंजळीत वाजवून दाखवायचे होते.

मी कातकरी. सासर रोह्याजवळ, नदीकाठच्या वाडीत. माहेर पेण तालुक्यात, जोह्याच्या अलीकडच्या वाडीवर. आईबाप वीटभट्टीवर जायचे, मी आश्रमशाळेत राहायचे. बारावी झाले. धाटावच्या एका केमिकल कंपनीत ठेकेदाराकडे साफसफाईला होते. अंकिताला या शाळेत कायद्याने राखून ठेवलेल्या जागेवर प्रवेश मिळाला. शाळेत आम्हाला म्हणतात, फ्री सीटवाले. आमच्यासमोरच म्हणतात. वर्गात तिला पोरं उंदीर म्हणतात. कातकरी उंदीर खातात, असं त्यांच्या घरी बोलणं होतं. घरी बोललं जात नसतं, तर दुसरीतल्या पोरांना काय माहीत?

वर्षाच्या सुरुवातीला पालकांची सभा झाली होती. प्राचार्य मॅडमनी नवा नियम वाचून दाखवला. कुणीही पालक शाळेत आला की गेटवर नाव लिहायचं, ओळखपत्र दाखवायचं, गळ्यात बिल्ला घालायचा. आणि वर्गात मुलांसोबत थांबायचं असेल, गोष्ट सांगायला, शिकवायला, कशालाही, तर आधी पोलिसांकडून चारित्र्याचा दाखला आणायचा. सगळ्यांनी.

मी टाळ्या वाजवल्या होत्या. हो, मीच. बाकी सगळे मोबाईलमध्ये होते. मला मनापासून बरं वाटलं होतं. माणूस बंद दाराआड काय करतो, हे मी कंपनीत पाहिलेलं होतं. म्हटलं, चला, आपली पोरगी राखलेल्या जागेत आहे.

सगळ्यांनी, असं त्या म्हणाल्या होत्या. पुढे गोष्ट सांगायला आलेल्या कुणाकडेच दाखला मागितला गेला नाही, म्हणून मीही काढला नव्हता. तेव्हा मला कळलं नाही की त्यांच्या 'सगळ्यां'मध्ये मी एकटीच आहे.

चिंचोके सांडले त्या शनिवारी प्राचार्य मॅडम गेटपर्यंत आल्या. आत नाही बोलावलं. तिथेच.

"तुमचं पोलीस व्हेरिफिकेशन झालंय?"

"नाही मॅडम. गेल्या शनिवारी ज्या ताई गोष्ट सांगायला आल्या, त्यांनी दिलं होतं का?"

"त्यांना आम्ही ओळखतो."

"मलाही ओळखता. रोज पोरीला सोडायला येते."

मॅडमनी आवाज खाली घेतला. मऊ केला. "तसं नाही हो. तुमच्या वस्तीबद्दल बाकीचे पालक विचारतात. तुम्ही समजून घ्या."

समजून घ्या. हे शब्द मला चांगले माहीत आहेत. गावातला शेतमालक म्हणायचा, तुला पाणी वरून वाढतो, समजून घे. आश्रमशाळेतला अधीक्षक म्हणायचा, डाळ पातळ आहे, समजून घ्या. समजून नेहमी आम्हीच घ्यायचं. एवढी समजूत आमच्याकडे, तरी अडाणी आम्हीच.

मी परत फिरले. दुपारी अंकिता घरी आली. रडली नाही. दप्तर ठेवलं आणि विचारलं, "आई, तू काय चोरलं होतंस?"

मला संताप आला होता, पण तो लहान पोरीवर कसा काढणार?

पोलीस. या शब्दाची एक वेगळी गंमत सांगते. मी लहान असताना शेजारच्या गावात पाण्याचा पंप चोरीला गेला. पोलीस चोरी झालेल्या शेतात गेले नाहीत. थेट आमच्या वाडीवर आले. तपास करायची गरजच काय? चोरी झाली म्हणजे कातकरी. बापाला नेलं. परत आला तेव्हा त्याला उकिडवं बसता येत नव्हतं, वाकता येत नव्हतं. भाताची लावणी न वाकता कशी करतात? तो पावसाळा बाप उंबऱ्यात आडवा पडून होता. पुढे कळलं, पंप मालकाच्याच पुतण्याने विकला होता. ते कळल्यावर बापाला येऊन सांगावं, असं कुणाला वाटलं नाही. पोलिसांना नाही. मालकाला नाही. पुतण्याच्या लग्नात मात्र मांडव घालायला बापाला बोलावलं. आणि बाप गेला.

तर मला आता त्याच पोलिसांकडून लिहून आणायचं होतं, की मी चांगली आहे.

नवरा म्हणाला, "कशाला गो ह्ये उपद्व्याप? पोरगी शिकतेय नाय काय? मंग गप रव."

मी गप्प राहिले नाही. अर्ज केला. काही दिवसांनी चौकशीला पोलीस वाडीवर आला. एकटाच, मोटारसायकलवर. त्याचा गणवेश दिसला आणि वाडीतले पुरुष नदीकडे पळाले. हातातली कामं टाकून. माझा दीर जेवत होता, तो ताटावरून उठून पळाला. सासू धावत बाहेर आली आणि त्या पोलिसाच्या पायावर पडली.

"सायब, आमच्या पोरानं काय केला नाय. काय नाय केला."

पोलीस तरुण होता. बिचारा गोंधळला. "आजी उठा. मी शाळेच्या कामाला आलोय. सूनबाईंचा अर्ज आहे."

सासूला ते पटेना. शाळेच्या कामाला पोलीस कशाला येईल? तिचं म्हणणं बरोबर होतं. मी तिला हाताला धरून उठवलं. तिला उठवताना मला वाटलं, मॅडमना इथे आणून उभं करावं. म्हणावं, घ्या, समजून घ्या.

दाखला आला. माझ्यावर कोणताही गुन्हा नोंद नाही, असं सरकारने लिहून दिलं. मी तो शाळेत नेला. मॅडमनी दोन बोटांनी घेतला. "छान. तुमची पाळी आली की कळवू."

शनिवार येत राहिले. पांढऱ्या गाडीवाल्या बाई आल्या, डॉक्टरांच्या मिसेस आल्या, बिल्डरची आई आली. माझी पाळी आली नाही. एक दिवस वर्गशिक्षिकेचा फोन आला. शाळेत विज्ञान दिवस आहे, पाहुण्यांचा चहानाश्ता आहे, कपबशा धुवायला कुणीतरी हवं. "तुम्हाला सवय असेल ना?"

सवय होतीच. गेले. आत जायला मिळतंय ना, म्हणून गेले. गेटवर नाव लिहिलं, कार्ड दाखवलं, पिशवी ओतली. गळ्यात बिल्ला घातला. ओसरीच्या टोकाला नळ होता, तिथे बसून कपबशा घासत होते.

समोरच दुसरीचा वर्ग. आतून पोरांच्या हसण्याचा आवाज. मी सहज पाहिलं. फळ्यासमोर एक पाहुणे उभे होते. विज्ञानाचे प्रयोग दाखवायला आलेले कुणाचे तरी वडील.

माझ्या हातातली बशी खाली पडली.

तो आमच्या कंपनीतला साहेब होता.

आता कुसुमचं सांगायला हवं. कुसुम माझ्यासोबत ठेकेदाराकडे कामाला होती. वयाने माझ्यापेक्षा लहान, नवरा वारलेला. हा साहेब आम्हा साफसफाईच्या बायकांना एकेकटीला स्टोअरमध्ये बोलवायचा. फळ्या पुसायला. फळ्या आदल्याच दिवशी पुसलेल्या असायच्या. बायका एकमेकींना सांगायच्या, एकटी जाऊ नको. एक दिवस कुसुमला एकटीला जावं लागलं. मी बाहेर फरशी पुसत होते. आतून तिचा आवाज आला. मी दार ढकललं. आतून काहीतरी आडवं लावलेलं होतं, मी खांद्याने ढकललं. कुसुम कोपऱ्यात, ब्लाऊजची बाही फाटलेली. साहेब शर्ट नीट करत होता. मला म्हणाला, "काय आहे? काम कर जा."

कुसुमने कंपनीत तक्रार केली. कंपनीने सांगितलं, ही आमची कामगार नाही, ठेकेदाराची आहे. ठेकेदाराने सांगितलं, उद्यापासून येऊ नकोस. झाला न्याय. कुसुम डोलवीकडे माहेरी गेली. मला दुसऱ्या प्लांटला टाकलं. साहेब होते तिथेच राहिले.

आणि आता तो माझ्या लेकीच्या वर्गात उभा होता. एका छोट्या मुलीला त्याने टेबलावर बसवलं होतं. हात तिच्या पाठीवर. दुसऱ्या हातात मोबाईल, फोटो काढत होता. शिक्षिका कौतुकाने हसत होती. त्याच्या गळ्यात बिल्ला नव्हता.

माझ्या गळ्यात होता.

मी उठले. हात पुसले नाहीत. साबणाचे हात घेऊन वर्गात शिरले.

"अंकिता, इकडे ये."

शिक्षिका किंचाळलीच. "तुम्ही आत कशा आलात?"

साहेबाने मला ओळखलं. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू क्षणभर थिजलं, मग परत आलं. मोठं होऊन आलं. शिक्षिकेला म्हणाला, "अहो, ही आमच्याकडे झाडू मारते."

पोरं हसली. अंकिता हसली नाही. ती माझ्याकडे बघत होती.

याआधी कितीदा तरी मी मान खाली घातली होती. गेटवर घातली. कंपनीत घातली. त्या दिवशी मान खाली गेलीच नाही. का, ते मला माहीत नाही. धैर्य वगैरे काही नव्हतं. मला त्या माणसाची किळस आली होती, आणि किळस आली की भीती वाटत नाही.

"व्हय, मारते," मी म्हटलं. "तुमचा दाखला कुठं हाय?"

"कसला दाखला?"

"पोलिसांचा. वर्गात यायला लागतो. मी दिलाय. तुमचा दाखवा."

टेबलावर बसलेली मुलगी खाली उतरली आणि आपल्या बाकावर जाऊन बसली. एवढीशी पोर, पण तिला कळलं.

साहेबाचं हसू गेलं. "मॅडमना बोलवा," तो म्हणाला. मोठ्या माणसांचं एक बरं असतं. स्वतः उत्तर द्यावं लागत नाही, द्यायला माणसं असतात.

मॅडम आल्या. मला ऑफिसात नेलं. साहेबाला नेलं नाही, त्याला चहा दिला. माझ्याच धुतलेल्या कपातून.

"तुम्हाला कळतं का, कोणाशी बोललात?"

"कळतं. म्हणूनच बोलले." मी कुसुमचं सांगितलं. स्टोअरचं सांगितलं. फाटलेली बाही सांगितली.

मॅडमनी ऐकून घेतलं. मग खिडकी लावली. बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून. पोरी ज्या वर्गात होत्या, तिथलं दार मात्र त्यांना आठवलं नाही.

"पुरावा आहे का काही?"

"मॅडम, माझ्याविरुद्ध काय पुरावा होता? तरी तुम्ही दाखला मागितलात. मी दिला. त्यांच्याकडे मागा. एवढंच म्हणते."

"ते शाळेचे हितचिंतक आहेत. कॉम्प्युटरची खोली त्यांनी मिळवून दिली."

"मग हित चिंतायला दाखल्याची काय अडचण?"

मॅडमचा मऊ आवाज संपला. "तुमच्या मुलीचं इथलं शिक्षण फुकट आहे, हे विसरू नका."

"फुकट नाय. कायद्यानं हाय."

त्यांनी मला दार दाखवलं. मी अंकिताला वर्गातून घेतलं आणि निघाले. कपबशा तशाच नळाखाली राहिल्या. कुणी धुतल्या असतील, मला माहीत नाही. त्या दिवशी पहिल्यांदा मी कुणाचं तरी उष्टं तसंच टाकून घरी आले.

दुसऱ्या दिवशी ठेकेदाराचा फोन. कामावर येऊ नकोस. कारण सांगितलं नाही, मी विचारलं नाही. नवरा ओरडेल असं वाटलं होतं. तो ओरडला नाही. अंकिता जेवताना त्याला वर्गातलं सांगत होती, टेबलावरच्या मुलीचं, मोबाईलचं. त्याचा घास हातातच राहिला. तो एवढंच म्हणाला, "त्या कुसुमकडं जा."

पेणला उतरले, तिथून डोलवीकडे गेले. कुसुम एका ठेकेदाराकडे विटा उचलायला जात होती. संध्याकाळी कामावरून सुटल्यावर भेटली. मी सगळं सांगितलं. म्हटलं, तुझं नाव मी कुणाला सांगितलं नसतं तर बरं झालं असतं, पण मॅडमसमोर तोंडून निघून गेलं. आता तू म्हणशील तसं. नको म्हणालीस तर तुझं नाव यापुढे माझ्या तोंडून येणार नाही.

तिने पदराने मानेवरची विटांची धूळ पुसली.

"तिथं बारक्या पोरी हायत ना?"

"हायत."

"मंग नाव सांग गो. आणि नुसता सांगू नको. मी येतंय."

आम्ही दोघी शिक्षण खात्याच्या ऑफिसात गेलो. तिथल्या कारकुनाने आधी आम्हाला जिन्याखाली बसवलं, योजनेच्या पैशांसाठी आलो असू, असं त्याला वाटलं. मग तक्रार वाचली आणि उभा राहिला. तिथून पोलिसांकडे गेलो. ज्या दारातून माझ्या बापाला फरफटत नेलं, तसल्याच दारातून मी स्वतःच्या पायांनी आत गेले आणि खुर्ची ओढून बसले. कुणी बस म्हटलं नव्हतं. कुसुमने स्वतःच्या तोंडाने सगळं सांगितलं. मी तिच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर ती रडली असती. तिला रडायचं नव्हतं.

तक्रार लिहून घेतली. सहजासहजी नाही, दोघी हलत नाही म्हटल्यावर घेतली. चौकशी चालू आहे. चौकशी कशी चालते हे मला माहीत आहे. कातकऱ्याची धावत येते, साहेबाची रांगत जाते.

शाळेने काय केलं? साहेबाकडे दाखला मागितला नाही. गोष्टीचा तासच बंद करून टाकला. सगळ्यांसाठी. केवढी अक्कल. एका माणसाला कागद आण म्हणायची हिंमत नाही, म्हणून शेकडो पोरांच्या गोष्टी बंद. पांढऱ्या गाडीवाल्या बाईंनी मला गेटवर गाठलं.

"तुमच्यामुळे मुलांचं नुकसान झालं."

मी म्हटलं, "तुम्ही कधी दाखला दिला होता?"

त्या गाडीत बसल्या. काच वर केली.

मग मॅडमनी बोलावलं. यावेळी खुर्ची दिली. चहासुद्धा मागवला. मी एक माफीपत्र लिहून द्यावं. गैरसमज झाला म्हणावं. मग अंकिताला इथे काही त्रास होणार नाही. "मुलीच्या भविष्याचा विचार करा," म्हणाल्या.

तोच विचार करून मी उठले. चहा घेतला नाही.

लोक मला सांगतात, पोरीला दुसऱ्या शाळेत घाल. वाडीतले सांगतात, माहेरचे सांगतात. का घालू? तिने काय केलंय? मी माफी लिहून देणार नाही. पोरगी या शाळेतून जाणार नाही. पालकांच्या पुढच्या सभेत मी पुढच्या रांगेत बसणार आहे आणि कुसुम माझ्या शेजारी बसणार आहे. गेटवर तिला अडवलं तर आम्ही दोघी गेटवर बसू. कुसुम हे तिचं खरं नाव आहे. तिनेच सांगितलं, असंच लिही.

नियम मोडा, असं मी कधीच म्हटलं नाही. त्यांना वाटतं, कातकरीण नियमाला घाबरली. नाही. तो नियम मला हवा आहे. अख्खा हवा आहे. माझ्या पिशवीसारखी प्रत्येक पर्स त्या फरशीवर ओतली गेली पाहिजे. माझ्या बिल्ल्यासारखा बिल्ला प्रत्येक साहेबाच्या गळ्यात पडला पाहिजे. तो पडेपर्यंत मी विचारणार. गेटवर विचारणार, सभेत विचारणार, त्याला चहा देता तिथे येऊन विचारणार. सगळ्यांच्या देखत, त्याच्या पोरांच्या देखत, माझ्या पोरीच्या देखत.

मला हाकलायचं तर आधी त्याचा दाखला आणा.